नोकरीचा व्हिसा की राहण्याचा हक्क? बडोदा ते बाडेन-व्युर्टेम्बर्ग

परदेशात नोकरी लागली की वस्तीत बॅनर लागतो, सत्कार होतो, पगाराचा आकडा रुपयांत करून सांगितला जातो. त्या नोकरीसोबत कोणता कागद मिळाला, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. कागद मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एक कामाचा व्हिसा, म्हणजे ठरावीक मालकाकडे, ठरावीक काम, ठरावीक मुदतीपर्यंत करण्याची परवानगी. दुसरा रहिवासाचा हक्क, ज्याला बोलताना आपण पीआर म्हणतो. तो मिळाला की नोकरी गेली तरी देश सोडावा लागत नाही. भारताचे नागरिकत्वही कायम राहते, कारण पीआर म्हणजे त्या देशाचे नागरिकत्व नव्हे.

पगार जास्त पण व्हिसा मालकाच्या नावावर, किंवा पगार कमी पण रहिवास स्वतःच्या नावावर, अशी निवड समोर आली तर आपल्या मुलामुलींनी काय करावे? सल्ला देणारे एजंट गल्लोगल्ली आहेत. आम्ही हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने मांडणार आहोत, कारण नोकरी द्यायची पण राहण्याचा हक्क द्यायचा नाही, ही युक्ती जुनी आहे आणि आपल्या समाजाने ती चांगलीच भोगली आहे.

बाबासाहेबांच्या आत्मकथनपर टिपणांचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ आहे. साधारण १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेली ही टिपणे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केली. त्यातला बडोद्याचा प्रसंग आपल्या घराघरांत सांगितला जातो, पण तो बहुधा फक्त अपमानाची गोष्ट म्हणून. तो आज नोकरीच्या कागदांसकट वाचायला हवा. १९१३ मध्ये बाबासाहेबांना बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा शिक्षणानंतर १० वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. १९१७ मध्ये त्या कराराप्रमाणे ते बडोद्याला रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस, हातात संस्थानची नोकरी, आणि शहरात राहायला एकही खोली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी वसतिगृहात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना बाहेर काढले. संस्थानचा बंगला मिळावा म्हणून केलेला अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत होता. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती परिचितानेही घरात ठेवून घेतले नाही. कमाठी बागेत बसून गाडीची वेळ होईपर्यंत थांबायचे आणि मुंबईला परतायचे, एवढेच त्यांच्या हाती उरले.

म्हणजे काम करण्याची परवानगी होती, राहण्याचा हक्क नव्हता. आणि राहण्याचा हक्क नसल्यामुळे कामही गेले.

आता याची दुसरी बाजू पाहू. महार वतनात गावात राहायला जागा होती, थोडी जमीनही होती. पण ती जागा आणि ती जमीन सेवेला बांधलेली होती. रात्री-अपरात्री सरकारी बोलावणे आले की जायचे, टपाल वाहायचे, मेलेली जनावरे ओढायची, आणि त्या बदल्यात मिळणाऱ्या बलुत्यासाठी दारोदार हात पसरायचा. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत अधिकार कायद्याने या बांधिलकीला सरकारी शिक्का मिळाला. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. समाजातले काही लोकही तेव्हा धास्तावले होते की वतन गेले तर जमीन जाईल. बाबासाहेबांचा रोख स्पष्ट होता : ज्या जमिनीसाठी चोवीस तास कोणाच्या तरी हाकेला ओ द्यावी लागते, ती जमीन माणसाला स्वतंत्र करत नाही. ही वतने शेवटी १९५८ च्या कायद्याने रद्द झाली.

बडोद्यात नोकरी होती पण निवास नव्हता. वतनात निवास होता पण तो सेवेच्या दोरीने बांधलेला होता. आजच्या मालकबद्ध व्हिसात हे दोन्ही दोष एकत्र येऊ शकतात. म्हणून संविधानात काय आहे ते पाहा. अनुच्छेद १९ देशात कोठेही फिरण्याचे आणि स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य देतो, आणि ते कोणाच्या नोकरीवर अवलंबून ठेवत नाही. अनुच्छेद २३ वेठबिगारीला बंदी करतो. राहणे वेगळे आणि राबणे वेगळे, हे स्वातंत्र्याचे मूळ आहे. परदेशात पाऊल ठेवताच हे संरक्षण मागे राहते. तिथे आपल्याजवळ फक्त व्हिसाचा कागद असतो.

हा कागदाचा खेळ कसा सुरू झाला? ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर मोठ्या प्रमाणात जाऊ लागले. ‘अॅग्रीमेंट’चा ‘गिरमिट’ झाला. मुंबई बंदरातून मराठी बोलणारी माणसेही गेली. मॉरिशसमध्ये मराठी भाषक समाज आजही आहे. करार संपला की मजूर स्वतंत्र, असे वाटत होते. मळेवाल्यांना ते परवडणारे नव्हते. एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांची मजुरी कापायची, याला ‘डबल कट’ म्हणत. १८५० च्या दशकात फुकट परतीच्या प्रवासाची सोय काढून घेतली. मग १८६७ चा कायदा आला. करार पूर्ण केलेल्या मजुरांना ‘जुने स्थलांतरित’ असे नाव होते. त्यांनी फोटो लावलेले तिकीट आणि पोलिसांचा पास जवळ बाळगायचा, नाहीतर भटक्या म्हणून अटक. अटकेतून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे पुन्हा करारावर अंगठा.

१८७१ मध्ये नऊ हजारांहून अधिक जुन्या स्थलांतरितांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. आदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या गृहस्थाने तो तयार करायला मदत केली आणि त्यासाठी मळेवाल्यांचा रोषही ओढवून घेतला. १८७२ मध्ये रॉयल कमिशन आले, त्याने हे जुलूम नोंदवले आणि १८७८ मध्ये कायदा बदलला. अर्ज करणारे लोक जास्त मजुरी मागत नव्हते, हे लक्षात घ्या. पाच वर्षे राबल्यानंतर या बेटावर मोकळेपणाने राहू द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

नाताळमध्ये, म्हणजे आजच्या दक्षिण आफ्रिकेत, हेच काम कराने केले. १८९५ च्या कायद्याने ठरवले की गिरमिट संपल्यावर जो परत जाणार नाही आणि पुन्हा गिरमिटही करणार नाही, त्याने राहण्यासाठी दरवर्षी ३ पौंड भरावेत. गिरमिटिया मजुराला पहिल्या वर्षी महिना १० शिलिंग मिळत. ३ पौंड म्हणजे ६० शिलिंग, त्या दराने सहा महिन्यांची मजुरी. पुढे १६ वर्षांवरील मुलगे आणि १३ वर्षांवरील मुलींवरही हा कर बसला. तो रद्द व्हायला १९१४ साल उजाडले. १९१३ चा लढा सांगताना गांधींचे नाव घेतले जाते, पण संप करून त्या लढ्याला बळ दिले ते कोळशाच्या खाणींतल्या आणि मळ्यांवरच्या मजुरांनी. इतिहास लिहिताना नेता राहतो आणि संप करणारा गळतो, हे आपल्याला नवीन नाही.

आता साम्राज्ये गेली, लोकशाही आली, युक्ती मात्र टिकली. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीला कामगार हवे होते. तिने १९५५ मध्ये इटलीशी, १९६० मध्ये स्पेन आणि ग्रीसशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार केले. या कामगारांना ‘गास्टआर्बायटर’ म्हणत, म्हणजे पाहुणे कामगार. तुर्कस्तानशी झालेल्या मूळ करारात दोन वर्षांची मर्यादा होती. दोन वर्षे राबा, परत जा, नवा माणूस पाठवा. पण शिकवून तयार केलेला माणूस दर दोन वर्षांनी घालवणे कारखानदारांनाच महाग पडले आणि १९६४ मध्ये ती मर्यादा काढली गेली. नियम बदलला तो मालकांच्या सोयीसाठी. १९७३ च्या मंदीत भरती बंद झाली. १९५५ ते १९७३ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख कामगार आले आणि त्यातले सुमारे १ कोटी १० लाख परत गेले, असा अंदाज दिला जातो. जे राहिले त्यांनी कुटुंबे आणली. त्यांची मुले जर्मनीत जन्मली, जर्मन शाळेत शिकली, तरी परदेशीच गणली गेली. परदेशी आईवडिलांच्या पोटी जर्मनीत जन्मलेल्या मुलाला, काही अटींवर, जन्माने नागरिकत्व देणारा कायदा १ जानेवारी २००० पासून लागू झाला. म्हणजे पहिली पिढी निवृत्त झाली, तोवर तिच्या नातवंडांचा प्रश्न सुटला.

‘पाचच वर्षे जातो, कमावतो आणि येतो, पीआर घेऊन काय करायचे?’ असे आपल्याकडे म्हणतात. हेच वाक्य त्या तुर्की आणि इटालियन कामगारांनीही मनात धरले होते. पाचाची पंधरा कधी झाली ते कळत नाही, आणि पंधरा वर्षांनंतर हातात तात्पुरता कागद असेल तर माणूस ना इथला राहतो ना तिथला.

आखाताचा अनुभव तर कोकणातल्या कितीतरी घरांना आहे. तिथे कागदाला ‘इकामा’ म्हणतात. अर्थ रहिवासाचा, पण दोरी कफीलच्या म्हणजे मालकाच्या हातात. कफालाच्या पद्धतीत मालक बदलायला मालकाचीच संमती आणि कतार, सौदी अरेबियात देश सोडायलाही त्याचीच परवानगी लागत असे. काम सोडले तर सौदीत ‘हुरूब’, म्हणजे फरार झाल्याची तक्रार. बदल झाले आहेत, ते नाकारू नये. कतारने बाहेर जाण्याच्या परवान्याची अट बहुतेक कामगारांसाठी २०१८ मध्ये आणि घरकामगारांसाठी २०२० मध्ये काढली. नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत पत्राची अटही २०२० मध्ये गेली. सौदीने २०२१ मध्ये सुधारणा केल्या, पण घरकामगारांना त्यातून वगळले. सर्वांत दुबळा माणूस सुधारणेच्या यादीत शेवटी येतो, हा नियम तिथेही आहे.

शिकलेल्यांना वाटते, हे मजुरांचे झाले, आम्ही तर संगणक अभियंते. अमेरिकेचा एच-१बी व्हिसा १९९० च्या कायद्यातून आला. तीन वर्षे, पुढे आणखी तीन. २००० च्या कायद्याने मालक बदलणे सोपे केले, पण नव्या मालकानेही अर्ज करावाच लागतो. नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत दुसरा मालक शोधायचा किंवा सामान बांधायचे. ग्रीन कार्डांवर दर देशाला सुमारे ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतात जन्मलेल्यांची रांग अनेक वर्षांची आहे. त्या रांगेत तुमची जागा बहुधा मालकाने केलेल्या अर्जावर असते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क एका घोषणेने आले. अशा घोषणेने कामाच्या व्हिसावर बेतलेला बेत एका रात्रीत कोलमडतो.

आणि इथे जात येतेच. कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क विभागाने २०२० मध्ये सिस्को कंपनीविरुद्ध जातिभेदाचा खटला भरला. २०२३ मध्ये सिअॅटल हे जातीवर आधारित भेदभावाला बंदी करणारे अमेरिकेतले पहिले शहर ठरले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले विधेयक राज्यपालांनी नाकारले. हे लढे महत्त्वाचे आहेत. पण कायदा असूनही तक्रार कोण करील? टीममधला वरिष्ठ आडनाव विचारतो, गाव विचारतो, पाठीवर हात फिरवून जानवे चाचपतो, आणि त्याच्याच शेऱ्यावर तुमची नोकरी टिकते. नोकरीवर व्हिसा, व्हिसावर घर, मुलांची शाळा, जोडीदाराचे काम. अशा स्थितीत माणूस गप्प बसतो, आडनाव लपवतो, घरातला बाबासाहेबांचा फोटो पाहुणे येण्याआधी उतरवतो. बडोद्यात पारशी नाव सांगावे लागले ते याच कारणाने. रहिवास स्वतःच्या नावावर असलेला माणूस नोकरी गमावूनही लढू शकतो. आमच्या मते दोन कागदांमधला सर्वांत मोठा फरक हाच आहे.

मग उलट बाजूने विचारले जाईल : पीआर मागितली की मिळते का? नाही. कॅनडाने १९६७ मध्ये गुणपद्धत आणली. वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांना गुण. २०१५ पासून एक्सप्रेस एन्ट्री आहे. तिथे पीआर घेऊन उतरलेल्या माणसाला कोणत्याही मालकाकडे काम करता येते. पीआर टिकवण्यासाठी पाच वर्षांत ७३० दिवस त्या देशात राहावे लागते. पण इंग्रजी परीक्षेची फी, पदवीची तपासणी, अनेकांना बँकेत दाखवायची रक्कम, हे सगळे ज्याच्या घरात दोन पिढ्यांचे शिक्षण आणि शिल्लक आहे त्याला सोपे जाते. गुणपद्धत जात विचारत नाही, पण जातीने जे हिरावून घेतले त्याचे गुण मात्र कापते. वर, पीआर घेऊन गेलेल्याच्या हाती नोकरी नसते. कित्येक महिने मिळेल ते काम करावे लागते. म्हणून ज्याला हे शक्य नाही त्याने कामाचा व्हिसा घेतला तर त्यात कमीपणा नाही. फक्त तो व्हिसा कोठे जातो, हे आधी पाहावे.

इथे जर्मनीचे आजचे उदाहरण आपल्या कामाचे आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. आकडा १० हजारांचा सांगितला गेला. आपल्या आयटीआय झालेल्या आणि नर्सिंग केलेल्या मुलामुलींच्या डोळ्यांत त्यामुळे आशा आली. १९६१ च्या जर्मनीपेक्षा आजचा कायदा चांगला आहे. पात्रतेला मान्यता मिळालेल्या कुशल कामगाराला तीन वर्षांनी, बी-१ पातळीचे जर्मन आणि पेन्शनचे हप्ते भरले असतील तर, कायम रहिवासाचा अर्ज करता येतो. ब्लू कार्डवाल्याला ए-१ जर्मनवर २७ महिन्यांनी, बी-१ असेल तर २१ महिन्यांनी. म्हणजे जर्मन भाषा हा तिथे अर्धा पीआर आहे. पण पात्रतेला मान्यता न मिळवता मदतनीस म्हणून गेलेल्याला हा जवळचा रस्ता मिळत नाही. एकाच विमानात बसलेल्या दोघांपैकी एक तीन वर्षांनी मोकळा होतो आणि दुसरा नाही, आणि दोघांचा पहिला पगार कदाचित सारखाच असतो.

राहण्याचा हक्क मिळाला तरी त्याचा पुरावा हातात हवा. १९४८ नंतर कॅरिबियन बेटांतून ब्रिटनमध्ये गेलेली माणसे साम्राज्याचे नागरिक म्हणून गेली होती. १९७३ पूर्वी स्थायिक झालेल्यांचा हक्क कायद्याने मान्य होता. तरीही कागद दाखवता येईना म्हणून पुढे अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, उपचार थांबले, काहींना देशाबाहेर काढले गेले. २०१८ मध्ये हे विंडरश प्रकरण उघड झाले. सातबाऱ्यावर नाव नसल्याने काय होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

म्हणून आमचे म्हणणे असे. कामाचा व्हिसा आणि रहिवास हे दोन्ही खरोखर समोर असतील, तर पगार थोडा कमी असला तरी रहिवास निवडा. फक्त कामाचाच व्हिसा मिळत असेल, तर ज्या व्हिसाची वर्षे रहिवासासाठी मोजली जातात आणि ज्यावर मालक बदलता येतो तो निवडा, आणि पहिल्या दिवसापासून ती भाषा शिका. रहिवासाचा रस्ताच नसलेल्या देशात जायचे असेल, तर परतीची तारीख, कर्ज फेडण्याची रक्कम आणि परतल्यावर करायचे काम ठरवूनच जा.

सही करण्यापूर्वी पाच प्रश्न विचारा. व्हिसा कोणत्या मालकाच्या नावावर आहे आणि तो बदलता येतो का? नोकरी गेली तर किती दिवस राहता येते? ही वर्षे कायम रहिवासासाठी धरली जातात का? जोडीदाराला येता येते का, आणि काम करता येते का? भरतीचा खर्च कोण देणार? भारतात नोंदणीकृत भरती एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. लाखो मागणाऱ्याला लेखी पावती मागा. पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो, तो ठेवून घ्यायचा मालकाला अधिकार नाही. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असतो. आखातासह ठरावीक देशांत कामाला जाताना त्यांना १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे मंजुरी लागते. ती चुकवून टुरिस्ट व्हिसावर पाठवणारा एजंट तुमचा हितचिंतक नाही.

हे सगळे एकट्या मुलाने किंवा मुलीने करायचे काम नाही. अनेक विहारांत वाचनालय आहे, शिकलेली माणसे आहेत, परदेशात राहून आलेलेही आहेत. महिन्यातून एक रविवार करार वाचण्यासाठी ठेवा. मराठीत अर्थ सांगा, शंका लिहून घ्या, त्यांचे उत्तर मालकाकडून लेखी मागवा. परदेशात पीआर मिळवून स्थिरावलेल्या बांधवांनी जयंतीला देणगी पाठवावीच, पण त्यासोबत नव्याने येणाऱ्या एका मुलाचा करारही वाचून द्यावा.

मॉरिशसच्या जुन्या स्थलांतरितांनी अर्जावर सह्या आणि अंगठे एकत्र केले म्हणून कमिशन आले. एकेकट्याने पास दाखवत राहिले असते तर कायदा तसाच राहिला असता.

जयभीम! नमो बुद्धाय!